टर्कीची तंगडी मंद आचेवर: मांस वातड, रस्सा पाणचट, वरची हिरवी भुरभुर काळी. चूक कुठे?

कोरा चमचा

टर्कीच्या दोन अख्ख्या तंगड्या होत्या, मांडी आणि नळी जोडलेली, हाडासकट, मिळून २.२ किलो. पद्धत जशी केली तशी देतो.

मीठ-मिरी लावून लगेच दोन्ही तंगड्या एकदमच भांड्यात परतल्या, एकेका बाजूने चारेक मिनिटं. त्याच भांड्यात दोन कांदे, दोन गाजरं, सेलरीचे दोन दांडे. मग ३०० मिली पांढरी वाइन आणि पाकिटातला तयार स्टॉक (हाडं-भाज्या उकळून गाळलेलं पाणी) एक लिटर. मांस पूर्ण बुडलं. झाकण लावून १८० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये १ तास ४० मिनिटं. काढताना मांडीत तापमापक ७८ दाखवत होता.

मांडीचं मांस कोरडं आणि तरी वातड लागलं, नळीचं तर सुटेचना, आत काड्यांसारखं काहीतरी टोचत होतं. कातडी रबरासारखी. रस्सा पातळ म्हणून आटवला तर खारट झाला. वरची भुरभुर (पार्सली, लसणाच्या तीन पाकळ्या, लिंबाच्या सालीचा कीस, ऑलिव्ह तेल) तीन तास आधी मिक्सरमधून काढली होती आणि शेवटची दहा मिनिटं भांड्यातच घातली. ती काळपट आणि कडवट झाली.

७८ अंश म्हणजे शिजलेलंच ना? मग वातड का?

---

मंद आच

शिजलेलं आहे, मऊ झालेलं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि टर्कीच्या तंगडीत त्यांच्यात बरंच अंतर असतं.

७४ अंश हा सुरक्षिततेचा आकडा. तिथे मांस खाण्यालायक होतं, बस. तंगडी हा पक्ष्याचा चालता अवयव. त्यात कोलॅजन, म्हणजे मांसाचे धागे बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर. हे कोलॅजन विरघळून जिलेटिन व्हायला साधारण ७० च्या पुढे सुरुवात होते, पण अगदी कूर्मगतीने. मांस ८५ ते ९० अंशांवर तासभर तरी राहिलं की मग काम होतं. तुमची तंगडी ७८ ला बाहेर आली, म्हणजे धागे आवळून त्यांनी पाणी टाकून दिलं होतं, पण त्यांना बांधणारं कोलॅजन अजून सुटलं नव्हतं. कोरडं आणि वातड एकाच वेळी लागतं ते यामुळेच. बरेच जण इथे 'जास्त शिजलं' असं समजून पुढच्या वेळी अजून लवकर काढतात आणि अजून वातड खातात.

दुसरं, १८० अंश जास्त आहे. त्या ओव्हनमध्ये झाकलेला रस्सा खदखदतो. खदखदणाऱ्या पाण्यात मांसाची बाहेरची बाजू चोथा होते आणि हाडाजवळचा भाग मागेच राहतो. ओव्हन १५० वर ठेवा, पंखा चालू असेल तर १३५. अर्ध्या तासाने झाकण उचलून बघा: रश्श्यावर दर दोन-तीन सेकंदांनी एखादा बुडबुडा फुटला पाहिजे. सगळा पृष्ठभाग हलत असेल तर १० अंश कमी करा. ओव्हनचा काटा काय म्हणतो यापेक्षा हा बुडबुडा खरा.

तुमच्या वजनाला वेळ अडीच ते तीन तास. नळी आणि मांडी सांध्यावर कापून वेगळी केली तर दोन तास वीस मिनिटांपासून तपासायला लागा. सांधा शोधायला तंगडी उलटी करा. चरबीची एक पातळ रेघ दिसते, तिच्यावरच सुरी चालवा. हाड लागलं तर चुकलात, थोडं सरका.

झालं का ते असं ओळखायचं:

– काटा मांडीत खुपसून फिरवला तर मांस अडवत नाही, उलगडतं.
– नळीच्या टोकाला मांस वर सरकून दोनेक सेंटिमीटर हाड उघडं पडतं.
– नळी धरून हलवली तर सांधा सैल लागतो.

अडीच तासांनंतरही काटा अडत असेल तर घाबरू नका, आणखी वीस मिनिटं द्या आणि पुन्हा बघा. तंगडी क्षमाशील असते. मात्र चार-साडेचार तास झाले की धागे सुटे सुटे होऊन तोंडात लोकरीसारखे लागतात, तिथून परत येता येत नाही.

टोचणाऱ्या काड्या म्हणजे नळीतल्या कंडरा, स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या. टर्कीच्या नळीत त्या हाडासारख्या कडक झालेल्या असतात आणि शिजवून मऊ होत नाहीत. मांस नीट सुटलं की त्या हाताने ओढून सहज निघतात. म्हणून नळी सबंध वाढण्यापेक्षा मांस सोडवून, काड्या वेचून मग रश्श्यात परत घातलेलं बरं. मांडी अख्खी वाढता येते.

---

तळाची खरवड

वेळ आणि आचेबद्दल वर आलंय. मी रश्श्याबद्दल आणि मिठाबद्दल लिहितो, कारण तिथे तीन चुका एकात एक अडकल्या आहेत.

एक लिटर स्टॉक आणि वाइन हे फारच झालं. मांस बुडवलं की ते उकडणं होतं. द्रव मांसाच्या एक तृतीयांश ते अर्ध्या उंचीपर्यंतच हवा. वरचा भाग वाफेवर शिजतो आणि कातडी रश्श्याबाहेर राहते. दोन तंगड्या जेमतेम मावतील असं भांडं घ्या. भांडं मोठं असेल तर ती उंची गाठायला द्रव जास्त लागतो, आणि मग चव पातळ होते. योग्य भांड्यात तुम्हाला २०० मिली वाइन आणि ४०० ते ५०० मिली स्टॉक पुरेल.

खारटपणाचं गणित सोपं आहे. तयार स्टॉकमध्ये मीठ आधीच असतं. एक लिटरचा ४०० मिली झाला की खारटपणा अडीच पट. बिनमिठाचा स्टॉक घ्या. आणि टर्कीच्या वेष्टनावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा: बऱ्याच गोठवलेल्या टर्कीत मिठाचं पाणी टोचलेलं असतं. तसं असेल तर वरून मीठ लावूच नका. नसेल तर वजनाच्या १ टक्का, म्हणजे २.२ किलोला २२ ग्रॅम मीठ सगळीकडे चोळून, न झाकता १२ ते २४ तास फ्रिजमध्ये. मीठ आत उतरतं आणि कातडी वाळते. लगेच लावून लगेच परतलं तर मिठाने पृष्ठभागावर पाणी सुटतं, आणि ओलं मांस खरपूस होत नाही, वाफाळतं.

परतणं. दोन्ही तंगड्या एकदम नको. एकावेळी एक, कातडीची बाजू खाली, मध्यम आच, एक चमचा तेल, आठ ते दहा मिनिटं हात न लावता. चिकटलेली तंगडी ओढू नका. रंग आला की ती आपणहून सुटते. दुसऱ्या बाजूला तीन-चार मिनिटं बास. मग मांस काढा आणि दोन चमचे ठेवून बाकीची चरबी ओतून टाका. कांदा-गाजर-सेलरी त्यात दहा मिनिटं, एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट घालून ती विटकरी होईपर्यंत दोन मिनिटं, मग वाइन. आता लाकडी कालथ्याने तळाची खरवड सगळी सोडवा. रश्श्याची अर्धी चव तिथे असते. खरवड तपकिरी असेल तर सोनं. काळी असेल तर भांडं धुऊन घ्या, कारण तो कडवटपणा तीन तास मुरून सगळीकडे जातो. वाइन निम्मी आटली की स्टॉक, थाइमच्या चार काड्या, एक बे लीफ आणि मग मांस, कातडी वर करून. उकळी गॅसवरच येऊ द्या, नंतर ओव्हन. गार भांडं ओव्हनमध्ये गेलं तर पहिला पाऊण तास ते तापण्यातच जातो.

रस्सा दाट कसा होणार? मांस काढून घ्या, रस्सा गाळा, पाच-दहा मिनिटं स्थिर ठेवून वरची चरबी चमच्याने काढा, मग रुंद भांड्यात ३५० मिलीपर्यंत आटवा. तंगडीतलं कोलॅजन विरघळलेलं असेल तर एवढ्यावर तो ओठांना चिकटतो. मीठ या टप्प्यानंतरच बघायचं. पाकिटातल्या स्टॉकमध्ये बहुधा जिलेटिन नसतं; त्याची भर म्हणून ५०० मिलीला ७ ग्रॅम बिनचवीचं जिलेटिन तीन चमचे गार पाण्यात दहा मिनिटं भिजवून सुरुवातीलाच घाला. पिठापेक्षा हे केव्हाही चांगलं, रस्सा गढूळ होत नाही.

---

कालथा

कातडीबद्दल माझं मत वेगळं आहे. झाकण लावून तीन तास वाफेत राहिलेली कातडी कुरकुरीत होते यावर फार विसंबू नका. शेवटची तीस मिनिटं झाकण काढून २०० अंशांवर ठेवतात, त्याने रंग येतो. पण टर्कीची कातडी जाड असते, वरून करकरीत आणि खालून चामट असं काहीतरी निघतं.

त्यापेक्षा कातडी कच्ची असतानाच सोलून घ्या. बेकिंग पेपरवर सपाट पसरा, चिमूटभर मीठ, वर दुसरा पेपर, वर दुसरा ट्रे दाबून १९० अंशांवर २५ ते ३० मिनिटं. पापडासारखी होते. तोडून वाढताना वर टाका. मांस मात्र अशा वेळी उघडं पडतं, म्हणून झाकणाखाली बेकिंग पेपरचा गोल तुकडा मांसाला टेकवून ठेवा. परतताना कातडी नसेल तर मध्यम आचेवर एकेका बाजूने चार मिनिटांहून जास्त नको, नाहीतर उघड्या मांसावर साल धरते.

---

हिरवी सुरी

आता हिरवी बाजू, जिच्याकडे कुणी फारसं बघत नाही.

तुम्ही जे केलंत त्याला ग्रेमोलाटा म्हणतात. मिलानमध्ये ती ओस्सोबुकोवर, म्हणजे वासराच्या नळीच्या मंद शिजवलेल्या तुकड्यांवर पडते. मूळ सामग्री तीनच: पार्सली, लसूण, लिंबाच्या सालीचा कीस. तेल नसतं. तेल, आंबट आणि मसाला घातला की तो वेगळा सॉस झाला. तोही छान लागतो, पण त्याला हा कोरडा भुरभुरीतपणा नाही. चिकट, जिलेटिनने जड झालेल्या रश्श्यावर काहीतरी कच्चं आणि तीक्ष्ण लागतं, एवढ्याचसाठी ती आहे. म्हणून ती शिजवायची नाही.

काळी का पडली? कारणं दोन. मिक्सरचं पातं पान कापत नाही, चेचतं; पेशी फुटून रस बाहेर येतो, हवा लागते, आणि तीन तासांत रंग जातो. त्यात तुम्ही ती उकळत्या, वाइनमुळे आंबट झालेल्या रश्श्यात दहा मिनिटं ठेवलीत. उष्णता आणि आंबटपणा एकत्र आले की हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरव्याचा मळकट तपकिरी रंग होतो. त्यावर उपाय नाही, टाळणं एवढंच.

सहा जणांसाठी माप:

– चपट्या पानांची पार्सली, जाड देठ काढून ३० ग्रॅम
– जाड सालीची पिवळी लिंबं २, फक्त कीस
– लसणाची मोठी पाकळी १ (तीन नकोत!)
– मीठ दोन चिमटी, वाढताना

पार्सली अर्धा तास आधी धुवा आणि फडक्यात गुंडाळून पूर्ण कोरडी करा. पान ओलं असेल तर कापताना लगदा होतो आणि भुरभुरण्याऐवजी गोळे पडतात. सुरी धारदार हवी. एकदा बारीक कापून झाल्यावर परत परत सुरी चालवत बसू नका. फळीवर हिरवा डाग उतरायला लागला म्हणजे थांबायला हवं होतं.

लिंबाला मेणाचा लेप असेल तर गरम पाण्याखाली घासून, पुसून घ्या. बारीक किसणीवर साल एकाच जागी एकदाच फिरवा आणि लिंबू वळवा. पिवळं तेवढंच, खालचं पांढरं कडू असतं. तुमचा कडवटपणा बहुतेक इथूनही आला असेल. पातळ सालीच्या हिरव्या लिंबात पांढरं फार लवकर लागतं, तिथे जपून.

लसूण किसू नका, सुरीने बारीक चिरा. लसूण जितका चेचाल तितका उग्र, आणि चिरून ठेवला तर तासाभरात वास बदलतो. कच्चा लसूण कुणाला झेपत नसेल तर न सोललेली पाकळी उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवून मग चिरा. उग्रपणा तयार करणारं एन्झाइम उष्णतेने बरंच मंदावतं. शेवटी कीस आणि लसूण एकत्र करून त्यावरून दोनदा सुरी फिरवा, मग पार्सली मिसळा. मीठ आधी घातलं तर पानांना पाणी सुटतं.

तयारी वाढण्याच्या अर्धा तास आधी, त्याहून लवकर नाही. निम्मी भुरभुर बशीत मांस घेतल्यावर लगेच टाका, म्हणजे वाफेने लसणाचा आणि लिंबाचा वास उठतो. उरलेली मध्यभागी वाटीत.

बदल करायचाच असेल तर पार्सलीचा चौथा हिस्सा पुदिना चालतो, टॅरागॉन चमचाभर, कोथिंबीर निम्मी-निम्मी. टर्कीबरोबर एका लिंबाऐवजी अर्ध्या संत्र्याचा कीस फार चांगला जमतो. तुळस नको, ती कापताच काळी पडते. रोझमेरी आणि सेज कच्ची भुरभुरू नका, ती खरखरीत आणि औषधी लागतात. त्यांची जागा झाकणाखाली.

---

कोरा चमचा

बरंच स्पष्ट झालं. वेष्टन पाहिलं, मिठाचं पाणी टोचलेलंच होतं. तीन प्रश्न उरले. छातीचा तुकडा (हाडासकट १.१ किलो) त्याच भांड्यात घालता येईल का? वाइन वगळली तर? आणि आदल्या दिवशी करून ठेवलं तर बिघडतं का?

---

मंद आच

छाती घालता येते, पण त्याच वेळी नाही. छातीत कोलॅजन नगण्य, तिला मंद आचेचा काही फायदा होत नाही. तीन तास ठेवलीत तर खडू खाल्ल्यासारखं होईल. तंगड्या भांड्यात जाऊन पावणेदोन तास झाले की छाती परतून, कातडी वर करून वर ठेवा, रश्श्यात जेमतेम टेकेल अशी. १५० अंशांवर १.१ किलोला साधारण ६० ते ७५ मिनिटं लागतात, पण इथे घड्याळ नाही, तापमापक. सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता. ७२ ला काढून फॉइलने झाका, दहा मिनिटांत ७४ ला पोचायला हवी. पोचली का ते पुन्हा मोजा. तंगड्या मागे राहिल्या तर राहू द्या, छाती त्यांच्यासाठी थांबवू नका.

एक खबरदारी: हाडालगतचं मांस गुलाबी दिसेल. तो रंग स्नायूतल्या आणि हाडाच्या मगजातल्या रंगद्रव्याचा असतो, पूर्ण शिजलेल्या टर्कीतही राहतो. रंगावरून ठरवू नका.

---

तळाची खरवड

वाइनऐवजी २०० मिली जास्तीचा स्टॉक आणि एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर. खरवड सोडवायला स्टॉकही चालतो. लिंबाचा रस शेवटी, तोही चव बघून, कारण वर कीस येणारच आहे.

आदल्या दिवशी केलेलं उलट जास्त चांगलं लागतं. फक्त भांडं तसंच ओट्यावर रात्रभर ठेवायचं नाही. मांस आणि रस्सा उथळ डब्यांत काढा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. मांस रश्श्यातच बुडवून गार करा, कोरडं ठेवलं तर कडा वाळतात. सकाळी चरबी वर पांढरी थिजलेली असते, अख्खी चकती उचलून निघते. खालचा रस्सा थरथरता गोळा झाला असेल तर जिलेटिन पुरेसं उतरलंय असं समजा. गरम करताना झाकून १५० अंशांवर ३० ते ४० मिनिटं, आतून ७४ होईपर्यंत. फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस, फ्रीझरमध्ये रश्श्यासकट दोन-तीन महिने. भुरभुर मात्र त्याच दिवशी, ताजी. गोठवलेली पार्सली वितळली की ओलं गवत होतं.

---

झाकणझुला

ओव्हन नसलेल्यांसाठी. प्रेशर कुकरमध्ये कातडी काढून, सांध्यावर तुकडे करून, द्रव फक्त ३०० मिली. दाब आल्यावर ४० मिनिटं, इलेक्ट्रिक कुकरमध्ये दाब थोडा कमी असतो म्हणून ४५ ते ५०. नंतर दाब आपोआप उतरू द्या. शिटी उचलून वाफ एकदम सोडली की आतला रस्सा उसळून उकळतो आणि मांस कोरडं पडतं. रस्सा नंतर उघडा आटवावा लागतोच, कुकरमध्ये काही उडून जात नाही.

स्लो कुकरमध्ये मंदावर सहा ते आठ तास, द्रव २५० मिली, आणि वाइन आधी वेगळी निम्मी आटवून. नाहीतर तिचा कच्चा वास शेवटपर्यंत राहतो. त्यात गोठलेलं मांस कधीही थेट घालू नका, ते तासन्‌तास धोक्याच्या तापमानात, म्हणजे ४ ते ६० अंशांच्या मध्ये, रेंगाळतं. दोन तंगड्या फ्रिजमध्ये सुटायला २४ ते ३६ तास लागतात. घाई असेल तर घट्ट बंद पिशवीत गार पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलून, ४५० ग्रॅमला अर्धा तास. तुमच्या वजनाला सुमारे अडीच तास. असं सोडवलेलं लगेच शिजवा, परत फ्रिजमध्ये मुरवत ठेवू नका. आणि मांस नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओटाभर उडतात. कागदाने टिपून घ्या.

---

कालथा

पुढच्या वेळी टोचलेलीच टर्की मिळाली तर मिठाऐवजी अर्धा चमचा मिरी लावून, न झाकता एक रात्र फ्रिजमध्ये ठेवा. मीठ आधीच आत आहे, पण पृष्ठभाग वाळणं तरीही लागतं. आणि ग्रेमोलाटातलं मीठही मग वगळा, रस्सा चाखून मगच ठरवा.